जाव्हा आज्ञावलीतील डेटाबेस त्रुटींचे निवारण

जाव्हा आज्ञावलीतून डेटाबेसशी जोडणी करताना किंवा क्वेरी चालविताना उद्भवणाऱ्या त्रुटी जेडीबीसी या दुव्यामार्फत कळतात. हा दुवा १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत उपलब्ध झाला. काही त्रुटींमध्ये आज्ञावली थांबते व संदेश मिळतो. इतर त्रुटींमध्ये ती सुरळीत चालते, मात्र उत्तर चुकीचे येते.

जोडणीतील त्रुटी

एसक्यूएल-एक्सेप्शनसोबत येणाऱ्या पाच अक्षरी एसक्यूएल-स्टेट संकेताची पहिली दोन अक्षरे त्रुटीचा वर्ग दर्शवितात. ०८ हा वर्ग जोडणीचा, तर २८ हा ओळखपडताळणीचा आहे. ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ हा संदेश आल्यास ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथमध्ये आहे का आणि जोडणीचा पत्ता योग्य रीतीने लिहिला आहे का, हे तपासावे. जोडणी नाकारली गेल्यास सर्व्हर सुरू असल्याची व पोर्ट क्रमांकाची खात्री करावी. माय-एसक्यूएलचा प्रचलित पोर्ट ३३०६, तर पोस्टग्रेस्क्यूएलचा ५४३२ आहे.

क्वेरीतील त्रुटी

४२ हा वर्ग वाक्यरचनेतील चूक, अस्तित्वात नसलेला तक्ता किंवा अधिकाराचा अभाव दर्शवितो. २३ हा वर्ग डेटाबेसच्या नियमांचा भंग दर्शवितो, उदाहरणार्थ एकमेव असावयाच्या मूल्याची पुनरावृत्ती. मूल्ये क्वेरीच्या मजकुरात जोडण्याऐवजी प्रिपेअर्ड-स्टेटमेंट वापरल्यास अवतरणचिन्हांमुळे होणारे बिघाड व एसक्यूएल इंजेक्शनचा धोका टळतो. त्यातील स्थानांची गणना ० पासून नव्हे, तर १ पासून होते.

संदेश न देणाऱ्या त्रुटी

‘मालेगाव’ या शब्दात सात युनिकोड चिन्हे असून यूटीएफ-८ मध्ये तो २१ बाइट व्यापतो. मार्गातील एखादा टप्पा लॅटिन-१ संचात असल्यास त्याजागी सात प्रश्नचिन्हे साठविली जाऊ शकतात. मूळ अक्षरे तेथेच नष्ट होत असल्याने नंतर संच बदलूनही ती परत मिळत नाहीत.

‘मालेगाव’ व ‘मालेगांव’ ही रूपे पोस्टग्रेस्क्यूएलच्या मूळ तुलनेत भिन्न ठरतात. त्यामुळे एका रूपाने शोध घेतल्यास दुसऱ्या रूपातील नोंदी वगळल्या जातात. याउलट, मालेगाव नावाचे तालुके नाशिक व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत असल्याने राज्यस्तरीय तक्त्यात केवळ नावाने शोधल्यास दोहोंच्या नोंदी एकत्र येतात. यास्तव अशा तक्त्यांत नावाऐवजी संकेतांक वापरणे आणि मिळालेल्या नोंदींची संख्या ज्ञात संख्येशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.