सूर्यावरील पाच मिनिटे

१ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी रिचर्ड कॅरिंग्टन इंग्लंडमधील रेडहिल येथे सूर्यडाग रेखाटीत असता डागांवर एकाएकी दोन शुभ्र प्रकाशपुंज तळपले. साक्षीदार शोधावयास तो धावला. मिनिटभरात परततो तो तेज ओसरलेले! पाचेक मिनिटांत सारे आटोपले. सुदैवाने हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही ते पाहिले होते. एरवी विश्वास कोणी ठेवला असता?

सौरज्वाला पांढऱ्या प्रकाशात क्वचितच दिसते. सूर्याचे दीप्तिमंडल मुळातच इतके प्रखर, की ज्वालेची भर त्यात बहुधा लोपते. भर दुपारी समई लावावी तशी.

सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवले जात. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे त्या वहीत आहे. अशा वह्यांवरील खर्चास अनुत्पादक म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मार्च १९८९ मध्ये याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेकचे सुमारे ६० लाख लोक ९ तास विजेविना राहिले. कॅरिंग्टनचे वादळ आज आले तर हानी किती, हा हिशेब मांडताना संशोधकांना कुलाब्याच्याच आकड्यांकडे वळावे लागते.