स्वतंत्र संगणक-खेळांतील नियमजन्य रचना : एक विवेचन

प्रस्तावना

नागपुरातील सदर भागातील ज्या महाविद्यालयात प्रस्तुत लेखक गणित विषयाचे अध्यापन करतो, तेथे काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका अंतर्गत चाचणीतून या लेखाचा विषय निर्माण झाला. २०२० नंतर ऑनलाईन बहुपर्यायी चाचण्यांचा प्रघात वाढला होता. साठ प्रश्नांच्या प्रश्नपेढीतून प्रत्येक विद्यार्थ्यास वीस प्रश्न संगणकाने निवडून द्यावेत, अशी व्यवस्था लेखकाने स्वतःच केली होती. शेजारच्याच्या उत्तरांवर नजर टाकून उपयोग होऊ नये, एवढाच हेतू होता. निकालानंतर असे आढळले की, सर्वांत कठीण घटकावरील प्रश्न एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सात आले आणि एका विद्यार्थिनीच्या वाट्याला केवळ एक. सात प्रश्न वाट्याला आलेला विद्यार्थी तक्रार घेऊन आला नाही. त्याने केवळ एक तुलना केली. तो म्हणाला, "सर, स्पेलंकी नावाच्या खेळात दर वेळी वेगळी गुहा तयार होते, पण बाहेर पडायची वाट तरी असतेच. तुमच्या पेपरात ती नव्हती."

हे विधान उद्धट नव्हते. ते अचूक होते. ज्या प्रश्नाकडे अध्यापकाचे दुर्लक्ष झाले, तो प्रश्न संगणक-खेळांच्या छोट्या निर्मात्यांनी फार पूर्वीच ओळखला आणि बऱ्याच अंशी सोडवलाही. त्यांची रीत काय आहे, ती कोठे यशस्वी व कोठे अपुरी ठरते आणि अध्यापकवर्गाने तिच्यापासून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संकल्पना

संगणक-खेळातील एकेक टप्पा विद्यार्थ्यांच्या भाषेत 'लेव्हल' म्हणून ओळखला जातो. सामान्यतः असा टप्पा रचनाकार हाताने आखतो. भिंत कोठे, खड्डा कोठे, शत्रू कोठे, हे सर्व आधीच ठरलेले असते. याउलट 'प्रोसीजरल जनरेशन' या पद्धतीत रचनाकार टप्पा आखत नाही. टप्पा कसा आखावा याचे नियम तो लिहितो आणि त्या नियमांनुसार संगणक प्रत्येक वेळी नवा टप्पा सिद्ध करतो. या पद्धतीस येथे 'नियमजन्य रचना' असे म्हटले आहे. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाशिवाय, एकट्याने किंवा मोजक्या सहकाऱ्यांसह खेळ तयार करणाऱ्यांना 'इंडी', म्हणजेच स्वतंत्र निर्माते, ही संज्ञा रूढ आहे.

सापशिडीच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट असो वा आजची सापशिडी, तेथे पट स्थिर असतो आणि दान बदलते. नियमजन्य खेळात दान पडते ते पट मांडण्यापूर्वी. साप कोठे आणि शिडी कोठे, हेच त्या दानावर अवलंबून असते. म्हणूनच येथे एक जबाबदारी नव्याने उद्भवते: मांडला गेलेला पट खेळण्याजोगा आहे, याची हमी कोणी द्यावयाची?

बीज आणि यादृच्छिकता

संगणकाचे दान हे खरे दान नसते. तो एका संख्येपासून, जिला 'सीड' किंवा बीज म्हणतात, ठरावीक सूत्राने पुढील संख्या काढीत जातो. एक लहान सूत्र पाहू: मागील संख्येला ५ ने गुणावे, त्यात ३ मिळवावेत आणि आलेल्या उत्तरास १६ ने भागून बाकी घ्यावी. बीज ७ असल्यास ३८ येतात व बाकी ६ उरते; ६ वरून ३३ व बाकी १; पुढे ८, ११, १० अशी मालिका मिळते. सम संख्या आल्यास उजवीकडे व विषम आल्यास खाली जावे असा नियम केला, तर उजवीकडे, खाली, उजवीकडे, खाली, उजवीकडे अशी एक वाट तयार होते. या सूत्रात १६ पायऱ्यांनंतर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्यक्ष वापरातील सूत्रांची आवर्तने अतिशय दीर्घ असतात, एवढाच फरक.

यातील महत्त्वाची बाब अशी की, तेच बीज दिल्यास तीच वाट पुन्हा मिळते. पाहणाऱ्यास जे अनिश्चित भासते, ते नियम व बीज माहीत असणाऱ्यास पूर्णपणे निश्चित असते. संपूर्ण नकाशा साठवून ठेवण्याची गरज उरत नाही. एक संख्या साठविली तरी पुरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थी मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी 'रोग' हा खेळ तयार केला; पुढे केन अर्नोल्ड हे त्यांना येऊन मिळाले. त्यात चित्रे नव्हती; पडद्यावरील अक्षरचिन्हांनीच भुयारातील खोल्या दाखविल्या जात. तत्कालीन शाब्दिक साहसखेळ एकदा उलगडले की त्यांतील रस संपत असे, आणि निर्मात्याला तर स्वतःच्या खेळात कोणतेच कुतूहल उरत नसे. स्वतःलाही चकित करणारा खेळ हवा, या इच्छेतून दर वेळी नवे भुयार रचणारी ही आज्ञावली जन्मली.

१९८४ मध्ये केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबन व इयान बेल यांनी 'एलिट' हा अंतराळ-व्यापाराचा खेळ तयार केला. ज्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी तो लिहिला गेला, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाईट होती. तेवढ्या जागेत ग्रहांची सूची साठविणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान व अर्थव्यवस्था बीजापासून काढण्याची युक्ती योजण्यात आली. अब्जावधी दीर्घिका निर्माण करणे शक्य असताना प्रत्यक्ष खेळात ८ दीर्घिका व प्रत्येकीत २५६ ग्रह एवढेच ठेवण्यात आले. एका दीर्घिकेत सूत्राने एका ग्रहाला असभ्य नाव दिले, म्हणून ती दीर्घिका वगळावी लागली, असेही सांगितले जाते. नियमांनी निर्माण केलेले सर्वच स्वीकारावे असे नाही. निवड माणसाकडेच राहते, हे या उदाहरणातून ध्यानात येते.

मनुष्यबळ व साधने यांची चणचण हेच या पद्धतीचे मूळ असल्याने स्वतंत्र निर्मात्यांनी ती उचलली, यात नवल नाही. २००६ मध्ये टार्न व झॅक ॲडम्स या बंधूंचा 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' आला. २००९ मध्ये स्वीडनच्या मार्कुस पर्सन यांनी 'माइनक्राफ्ट'ची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. शेकडो कलाकार पदरी नसताना विस्तीर्ण जग उभे करावयाचे, तर ते नियमांकरवीच उभे करावे लागते.

वाटेची हमी : 'स्पेलंकी'चे उदाहरण

डेरेक यू यांनी 'स्पेलंकी' हा खेळ २००८ मध्ये विनामूल्य उपलब्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये आली. त्याची रचनापद्धती अध्यापकाने समजून घ्यावी अशी आहे. प्रत्येक टप्पा म्हणजे ४ ओळी व ४ स्तंभ अशा १६ खोल्यांची चौकट असते. संगणक प्रथम सर्वांत वरच्या ओळीत प्रवेशाची खोली निवडतो. नंतर १ ते ५ मधील एक अंक काढतो: १ किंवा २ आल्यास डावीकडे, ३ किंवा ४ आल्यास उजवीकडे आणि ५ आल्यास खाली. चौकटीची कड लागली की खालच्या ओळीत उतरावयाचे. तळाच्या ओळीतून आणखी खाली जाण्याची पाळी आली की तेथे बाहेर पडण्याचे दार ठेवायचे.

अशा रीतीने प्रवेशापासून दारापर्यंतची वाट सर्वप्रथम ठरते. त्यानंतर वाटेवरील प्रत्येक खोलीसाठी, आवश्यक त्या दिशांना उघडणारा आराखडा निवडला जातो. हे आराखडे माणसाने हाताने तयार केलेले असून त्यांतील काही चौकोन मात्र ऐनवेळी बदलतात. वाटेबाहेरच्या खोल्या कशाही असू शकतात. साप, काटे व धन यांची मांडणी सर्वांत शेवटी होते. खेळाडूजवळ भिंत फोडण्यास बाँब व चढण्यास दोर असतात. परंतु ते न वापरताही दार गाठता यावे, याची तजवीज या क्रमातच आहे. खेळ कठीण आहे, खेळाडू वारंवार हरतो. मात्र वाटच नव्हती म्हणून हरलो, असे त्याला म्हणता येत नाही.

२०१३ मध्ये संगणकावर आलेल्या आवृत्तीत 'दैनिक आव्हान' समाविष्ट झाले. त्या दिवशी जगभरातील सर्व खेळाडूंना एकच बीज, म्हणून एकच गुहा, आणि प्रत्येकास एकच प्रयत्न. स्वतःपुरते खेळताना दर वेळी नवी रचना, आणि परस्परांशी तुलना करावयाची असेल तेव्हा सर्वांना समान रचना, असा विवेक यात दिसतो.

संख्या आणि वैविध्य

या पद्धतीची मर्यादाही पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडच्या 'हॅलो गेम्स' या छोट्या संस्थेने 'नो मॅन्स स्काय' प्रकाशित केला. त्यात २ च्या ६४ व्या घाताइतके ग्रह आहेत. १८ वर १८ शून्ये दिल्यास होणाऱ्या संख्येहूनही ती संख्या अधिक आहे. तरीही आरंभी अनेक खेळाडूंनी एकसुरीपणाची तक्रार केली. प्रत्येक ग्रह वेगळा होता. पण तो वेगळेपणा मनावर ठसणारा नव्हता. आश्वासित वैशिष्ट्यांच्या अभावाबद्दलही टीका झाली. निर्मात्यांनी पुढील वर्षांत विनामूल्य भर घालीत हा खेळ पुष्कळ सुधारला.

ही मर्यादा आपल्या परंपरेतील एका उदाहरणाने नेमकी समजते. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्परांत बदलल्यास मूर्तीचे किती भेद होतील, असा प्रश्न तेथे आहे. उत्तर ३६,२८,८०० येते. गणिताच्या दृष्टीने हे सर्व भेद भिन्न आहेत. परंतु देवळात आलेल्या भाविकास त्यांतील बहुतेकांचा फरक जाणवणारही नाही. भेद मोजणे सोपे; जाणवणारा भेद निर्माण करणे कठीण. ते काम सूत्राचे नाही, सूत्र लिहिणाऱ्याच्या रसिकतेचे आहे.

भारतीय संदर्भ

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे, आणि कथेला क्रम लागतो. म्हणून त्यातील स्थळे कलाकारांनी योजून घडविली आहेत. त्याआधी २०१७ मध्ये हैदराबादच्या 'ओग्रे हेड स्टुडिओ'ने 'असुर' हा खेळ आणला. त्याचीही प्रेरणा भारतीय पुराणकथांचीच. मात्र पुनःपुन्हा खेळण्यावर भर असल्याने त्यात दर खेपेस बदलणाऱ्या रचनेचा अवलंब केला आहे. दोन्ही संस्था लहान, दोन्ही विषय जवळचे. तरी पद्धती भिन्न. नियमजन्य रचना ही सर्वच ठिकाणी श्रेष्ठ किंवा कनिष्ठ नसून प्रयोजनानुसार ती स्वीकारावी वा टाळावी लागते, असे या तुलनेतून म्हणता येते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

आता आरंभीच्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. तेथील दोष संगणकाचा नव्हता. नियम लिहिताना 'कोणतेही वीस' एवढेच सांगितले गेले होते. वाट आखली गेली नव्हती. उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सुचतात.

पहिली, वाट आधी आखावी. प्रत्येक घटकातून व प्रत्येक काठिण्यपातळीतून किती प्रश्न घ्यावयाचे ते ठरवून मगच त्या मर्यादेत निवड सोपवावी. गणितात तर हा क्रम अधिकच उपयुक्त ठरतो. वर्गसमीकरणाचे सहगुणक यदृच्छेने घेतले, तर क्ष² + २क्ष + १५ = ० असे वास्तव मुळे नसलेले उदाहरण एखाद्याच्या वाट्यास येऊ शकते. त्याऐवजी ३ व −५ ही मुळे आधी निवडून त्यांवरून क्ष² + २क्ष − १५ = ० हे समीकरण बनवावे; म्हणजे उत्तर असल्याची हमी राहते.

दुसरी, बीज जपावे. कोणत्या बीजावरून कोणती प्रश्नपत्रिका निघाली याची नोंद असल्यास फेरतपासणीच्या वेळी ती जशीच्या तशी पुन्हा काढता येते. अशी नोंद नसल्याने वर उल्लेखिलेल्या चाचणीत लेखकास दोन्ही प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्याच पडद्यावरून उतरवून घ्याव्या लागल्या.

तिसरी, निघालेल्या रचना स्वतः वाचाव्यात. वर्गासमोर ठेवण्यापूर्वी अध्यापकाने निदान दहा-वीस प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून पाहाव्यात. असभ्य नावाचा ग्रह सूत्राला ओळखता येत नाही. आणि चौथी, जेथे गुणानुक्रम लावावयाचा आहे, तेथे सर्वांना एकच बीज देण्याचाही विचार व्हावा. तेथे प्रश्न तेच ठेवून केवळ त्यांचा क्रम बदलणे पुष्कळदा पुरेसे असते.

समारोप

नियमजन्य रचनेत निर्माता नाहीसा होतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो एक पायरी मागे सरकतो: वस्तूऐवजी नियम घडवितो. त्यामुळे त्याचे उत्तरदायित्व कमी होत नाही, उलट वाढते. कारण त्याची एक चूक एका टप्प्यापुरती न राहता त्या नियमातून निघणाऱ्या प्रत्येक टप्प्यात उतरू शकते. 'यंत्राने निवडले' हे उत्तर खेळाच्या निर्मात्याला शोभत नाही, तसे ते परीक्षकालाही शोभत नाही. सदरच्या त्या वर्गात ती चाचणी लेखकाने पुन्हा घेतली. या वेळी प्रत्येक घटकातून चार प्रश्न ठरवून दिले होते. प्रश्नपत्रिका प्रत्येकाची वेगळी होती, कठीणही होती. पण त्या विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका सादर करताना एवढेच सांगितले की, या वेळी वाट होती.