पाणी बघायचं तर उन्हाळ्यात

मे महिन्यात मराठवाड्यात फिरायला चाललोय म्हटलं की ऐकणारा कपाळाला हात लावतो. मुलं आम्हाला महाबळेश्वर सुचवून थकली. आम्ही दोघं मात्र उन्हाळा लागला की गाडी काढतो आणि बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची लहान गावं गाठतो. परांडा, तेर, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग. हा सगळा मुलूख पाण्याच्या धाकात जगलेला आहे. इथल्या जुन्या माणसांनी पाणी कसं अडवलं, कसं साठवलं, ते बघायचं असेल तर नद्या आटलेल्या असतानाच यावं. पावसाळ्यात पाणी सगळं झाकून टाकतं.

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मी देवळाच्या चौकटीवरची नक्षी बघत असते, तेव्हा हे बारवेच्या तळाशी उतरून झरा कुठून फुटतो ते शोधत असतात. संध्याकाळी दोघांनी काय काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, ही आमची रीत.

पुणे-सोलापूर रस्ता टेंभुर्णीला सोडला की कुर्डुवाडी लागतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथूनच बार्शीला निघाली. पुढे तिचा एक फाटा लातूरला आणि दुसरा पंढरपूरमार्गे मिरजेला पोचला. हे रूळ आता रुंद झाले आहेत. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेनं कासावीस झालं, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे याच मार्गानं गेली. या भागातून जाताना ती गाडी मला आठवल्याशिवाय राहत नाही.

परांड्याचा किल्ला भुईकोट आहे. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाही काही काळ इथून चालली. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, ती मधली कित्येक वर्षं याच किल्ल्यावर होती. तोफा अजूनही आहेत, बुरुजाबुरुजावर. पण उन्हाळ्यात बघण्यासारखा आहे तो खंदक. एरवी गवतापाण्याखाली असलेला त्याचा दगडी काठ तेव्हा नीट दिसतो, आणि तटापाशी पोचणं किती अवघड करून ठेवलं होतं ते कळतं. तटाच्या सांध्यांत वाढलेली पिंपळाची रोपं मात्र दर खेपेला जास्त जाड झालेली दिसतात, आणि जीव तुटतो.

परांड्याहून भूमकडे गेलं तर वाटेत खव्याच्या भट्ट्या दिसतात. पाऊस बेभरवशाचा म्हणून इथल्या शेतकऱ्यानं म्हैस धरली आणि दूध टिकत नाही म्हणून त्याचा खवा केला, असं हा भाग सांगतो. गरम खवा द्रोणात घेऊन खावा आणि पुढे निघावं.

तेर आता तेरणा नदीकाठचं एक साधं गाव आहे, गोरोबाकाकांचं. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे 'तगर' होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावात आहे. तिथं निवांत वेळ काढावा. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. अशाच विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ इथं आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छत गजपृष्ठाकार आहे. ते मुळात बौद्ध चैत्य होतं असं अभ्यासक मानतात. विष्णूचं देऊळ म्हणून ते वापरात राहिलं, म्हणूनच विटांची ती वास्तू वाचली असं मला वाटतं.

धाराशिवजवळच्या लेण्यांची गोष्ट तर पाण्याचीच आहे. मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात राजा करकंडु तेरापूरजवळच्या, म्हणजे याच, लेण्यात येतो. पार्श्वनाथाच्या मूर्तीपाशी त्याला एक गाठ दिसते. ती शोभत नाही म्हणून तो फोडायला लावतो आणि आतून पाण्याचा लोंढा फुटतो. लेणं भरतं, पाणी काही हटत नाही, शेवटी राजा वर नवं लेणं खोदवतो. कथा ऐकून हे लगेच म्हणाले, "अगं, ही भाकड नाही. खडकात पाण्याची शीर असते. कोरताना ती फुटली की असंच होणार." दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून. लेणी खोदणाऱ्यांना ते ठाऊक असणारच. कवीनं तो अनुभव राजाच्या नावावर घातला असावा.

तुळजापूरला देवीचं दर्शन, गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थ करून नळदुर्गला जावं, आणि तिथं घाई करू नये.

बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते. पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, या दोन किल्ल्यांमध्ये नदीवर दगडी बंधारा घातला गेला. एका कामात तीन कामं झाली. वेढा पडला तरी किल्ल्याला पाणी, त्या बाजूनं येणाऱ्या शत्रूपुढे तलाव, आणि रणमंडळावर जायला रस्ता. मग बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी गरजेत बसत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात महाल बसवला. पायऱ्या उतरून आत गेलं की कमानी, सज्जा आणि खिडकी. पाऊसकाळात पाणी डोक्यावरून पुढे झेपावतं आणि आतला माणूस कोरडा राहून ते बघतो.

मे महिन्यात खिडकीतून खालचा कोरडा कातळ दिसतो. आम्ही वर बंधाऱ्यावर गेलो. पाणी जिथून पडतं त्या दोन वाटांना लोक नर आणि मादी म्हणतात. हे उकिडवे बसले आणि त्या वाटेच्या दगडावरून तळवा फिरवला. कडेचा दगड खरबरीत, टाकीचे घाव स्पष्ट असलेला. वाटेतला मात्र गुळगुळीत, चारशे पावसाळ्यांनी घासलेला. "सगळ्या भिंतीवरून पाणी सोडलं असतं तर खाली पडून त्यानं पायाच खाल्ला असता," हे म्हणाले. "म्हणून त्याला वाट ठरवून दिलीय. आमच्या धरणाला सांडवा काढतात तो याचसाठी." बंधारा उभा का राहिला हे मला त्या दिवशी कळलं. पावसात त्या दगडाला हात लावायची सोय नसते.

१८५३ मध्ये निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा फिलिप मेडोज टेलर इथं अधिकारी म्हणून आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच हा टेलर. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचा काळ आहे. गावाजवळच्या मैलारपूरचा खंडोबाही चुकवू नये. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत देव एकच. मूर्ती वर्षाचा मोठा भाग अणदूरला असते, उरलेला मैलारपूरला, आणि ठरल्या तिथीला एका गावचे लोक दुसऱ्या गावाच्या हवाली देव करतात. आपण जाऊ तेव्हा देव कुठल्या गावी आहे ते आधी विचारून घ्यावं.

नर-मादी वाहायला लागते ती नदीवरचं आजचं बोरी धरण भरून सांडल्यावर. तेव्हा इतकी गर्दी लोटते की महालाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. तेही बघावं, पण आधी एकदा मे महिन्यात यावं. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग तासाभरावर आहे. उजाडताच निघावं, दहापर्यंत किल्ला आटपावा आणि दुपार सावलीत काढावी. डोक्याला पंचा हवाच. उन्हं उतरली की पुन्हा बंधाऱ्यावर जायला वेळ ठेवावा, कारण दगडावरचे घाव तिरप्या उन्हात जास्त नीट दिसतात.