लस टोचण्याचा अधिकार कोणाला? चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांनी समजून घ्यावेत असे नियम

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपल्या समाजातल्या अनेक मुली एएनएम, जीएनएम करून परिचारिका झाल्या आहेत. अनेक मुले डी. फार्म., बी. फार्म. करून औषध दुकानात किंवा सरकारी दवाखान्यात लागली आहेत. जंगलातल्या गावात डॉक्टर क्वचितच दिसतो, पण अशी शिकलेली मुले-मुली जवळपास असतात. म्हणून एक प्रश्न नेहमी विचारला जातो : डॉक्टर हजर नसताना यांनी लस टोचली तर चालते का? कोणी म्हणते, मुळीच नाही. कोणी म्हणते, सुई टोचता आली की झाले. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींचा फटका शेवटी बाळालाच बसतो.

परदेशात करार, आपल्याकडे कार्यक्रम

अमेरिकेत फार्मासिस्ट दुकानातच लस देतात. त्यासाठी अनेक राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार किंवा डॉक्टरांचा कायमस्वरूपी लेखी आदेश असतो. कोणती लस, कोणत्या वयाला, कोणाला देऊ नये, रिअॅक्शन आली तर काय करायचे, हे सर्व त्यात लिहिलेले असते.

आपल्याकडे दोन व्यक्तींमध्ये असा करार होत नाही. त्याचे काम १९८५ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम करतो. लसीचे वय, डोस आणि टोचण्याची जागाही ठरलेली आहे. बीसीजी डाव्या दंडावर, पेंटाव्हॅलंट मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडावर. लस देते ती उपकेंद्राची एएनएम म्हणजे आरोग्य सेविका. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी कोणत्या गावात कोणत्या दिवशी सत्र होईल याचा आराखडा करतात, देखरेख ठेवतात आणि त्रास झाल्यास जबाबदारी घेतात. प्रत्येक सत्रात डॉक्टर शेजारी उभा असलाच पाहिजे अशी अट नाही. तशी अट असती तर पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो त्या दिवसांत, किंवा जिवतीच्या पहाडावरच्या गुड्यांत, लसीकरण झालेच नसते.

म्हणजे डॉक्टर जागेवर नसला तरी चालतो, पण व्यवस्थेत त्याची जागा रिकामी असून चालत नाही.

आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यादी करतात, मातांना बोलावतात, सुटलेली बाळे शोधतात. इंजेक्शन देणे हे त्यांचे काम नाही. तसे करायला कोणी सांगितले तर त्यांनी स्पष्ट नकार द्यावा.

फार्मासिस्टचे काय?

सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकाऱ्याकडे बहुतेक वेळा शीतसाखळीची जबाबदारी असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, तापमान दिवसातून दोनदा नोंदवायचे, साठा जुळवायचा. हे काम दिसत नाही, पण ते बिघडले तर टोचलेली लस निकामी ठरू शकते.

खासगी औषध दुकानाची गोष्ट वेगळी. त्या परवान्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार लस विकता येते, ती कशी ठेवायची हे सांगता येते. दुकानातच सुई टोचण्याची मुभा त्या परवान्यात नाही. कोविडच्या वेळी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लस देणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर, स्टाफ नर्स, एएनएम यांच्यासोबत फार्मासिस्टचेही नाव होते. पण ते काम ठरलेल्या केंद्रावर, प्रशिक्षणानंतर आणि पथकासोबत करायचे होते. त्यावरून 'आता दुकानातही टोचता येते' असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. उद्या अनर्थ झाला तर गुन्हा त्या तरुणाच्या नावावर दाखल होईल.

गडचिरोलीने जगाला दाखवलेली वाट

डॉक्टर नसलेला माणूस सुरक्षितपणे इंजेक्शन देऊ शकतो का, याचे एक ठोस उत्तर गडचिरोलीतूनच जगाला मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि आईवडिलांची संमती असली, तर त्या जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

हे केवळ सुई हातात दिल्याने घडले नाही. लक्षणांची ठरलेली यादी होती, प्रत्येक बाळाची नोंद होती, वरिष्ठ गावात येऊन तपासणी करत होते. कमी शिकलेली स्त्री सुरक्षित ठरली, कारण तिच्या पाठीशी व्यवस्था होती.

यवतमाळचा धडा

उलट उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यातले. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सर्व बालके वाचली. तिथे सुईसुद्धा नव्हती, फक्त दोन थेंब पाजायचे होते. काम सोपे असले तरी बाटली पाहून, लेबल वाचून खात्री करण्याची सवय नसेल तर काय होते, ते या घटनेने दाखवले. अशा वेळी कारवाई बहुधा खालच्या कर्मचाऱ्यांवर होते. प्रशिक्षण कोणी दिले, देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मागे पडतात. ते आपण विचारायला हवेत.

सत्राच्या दिवशी काय पाहावे?

कार्यकर्त्यांनी सेविकेच्या कामात अडथळा न आणता एवढे पाहावे :

१. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पावडर स्वरूपात असतात. द्रावण मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिली आहे का? मिसळल्यावर चार तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर ती लस वापरायची नसते.
२. प्रत्येक बाळासाठी एकदाच वापरता येणारी नवी सिरिंज उघडली जाते का?
३. अॅनाफिलॅक्सिस किट जवळ आहे का? तीव्र अॅलर्जी आल्यास एएनएमला वयानुसार अॅड्रेनॅलिनचा एक डोस देऊन बाळाला पुढे पाठवता येते. त्यासाठी डॉक्टरची वाट पाहण्याची गरज नाही.
४. लस दिल्यावर बाळाला ३० मिनिटे थांबवतात का?
५. आईला चार गोष्टी सांगितल्या जातात का? कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड सांभाळून ठेवा.
६. वैद्यकीय अधिकारी आणि रुग्णवाहिकेचा नंबर सेविकेकडे आहे का, आणि त्या गावातून फोन लागतो का?

शेवटचा प्रश्न शहरात सुचणारही नाही. एटापल्ली, कोरची, सिरोंचा भागात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फोन लागत नसेल तर गाडी आधीच कोणत्या गावात उभी ठेवायची, हे आराखड्यात असले पाहिजे. ते ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत मांडता येते.

आपली भूमिका

परिचारिका असलेल्या भगिनींनी, विशेषतः कंत्राटी पदावर असलेल्यांनी, तोंडी आदेशावर सुई उचलू नये. नेमणुकीचे पत्र, प्रशिक्षणाची नोंद आणि सत्राचा आराखडा आपल्याकडे ठेवावा. फार्मसी शिकणाऱ्या बांधवांना लस देण्याचा अधिकार हवा असेल तर तो मागायला हरकत नाही. पण प्रशिक्षण, लेखी नियम, आपत्कालीन औषध आणि जबाबदार डॉक्टर यांच्यासह मागावा.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीत दरवर्षी दीक्षाभूमीवर मोठी गर्दी होते. विहारात किंवा अशा सोहळ्यात आरोग्य शिबिर घेताना लसीकरण ठेवायचे असेल, तर ते सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फतच ठेवावे. आपल्या स्टॉलवर माहिती द्यावी, लसीची कार्डे तपासावीत, चुकलेल्या डोसांची यादी करावी. एवढेही काम मोठे आहे.

विनयपिटकातील महावग्गात रुग्णसेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे कळणे, हे त्यातले पहिले दोन. लाभाची आस न ठेवता मैत्रीने सेवा करणे त्यानंतर येते. चांगल्या मनाला ज्ञानाची जोड लागते, हे भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले. पाड्यावरच्या बाळाला शहरातल्या बाळाइतकीच सुरक्षित लस मिळाली पाहिजे, आणि ती देणाऱ्या हाताला संरक्षणही मिळाले पाहिजे. या दोन मागण्या एकत्रच करायच्या आहेत.

जय भीम.