शब्द बदलले म्हणून लेखन आपलं होत नाही

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरावर प्रकल्प लिहायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच पानावर अडतो. एक पुस्तक मंदिर अकराव्या शतकातलं म्हणतं, दुसरं बाराव्या. तो त्यातलं एक शतक उचलतो आणि स्वतःचंच विधान असल्यासारखं लिहून टाकतो. मग हे मत कोणाचं, कशाच्या आधारावर, हे तपासायची वाट वाचणाऱ्याला उरत नाही. संदर्भ द्यायचा तो आधी या वाटेसाठी. गुणांचा विचार नंतर.

‘शेवटी संदर्भसूची जोडली की झालं’ हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. सूचीत पुस्तकं कितीही असोत, कोणतं विधान कुठून आलं हे तिच्यावरून कळत नाही. माहिती जिथे वापरली तिथेच, कंसात किंवा तळटिपेत, लेखक, वर्ष आणि पान लिहायला हवं. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरच्या ग्रंथातून काही घेतलं, तर ‘कझिन्स, १९३१’ आणि पान क्रमांक. मजकूर शब्दशः घेतला, तर अवतरणचिन्हंही हवीत.

‘भव्य’च्या जागी ‘विशाल’ लिहून लेखन आपलं होत नाही. मुद्द्यांचा क्रम आणि निष्कर्ष तेच राहिले, तर ती चोरीच. परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावं, समजलं ते लिहावं आणि मग मुळाशी ताडून पाहावं. एवढं करूनही संदर्भ द्यायचाच, कारण विचार उसना आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांचा खास गैरसमज वेगळाच: ‘इंग्रजीतून भाषांतर केलंय, मग कॉपी कशी?’ भाषांतराचे कष्ट तुमचे, पण शोध मूळ लेखकाचा. चोरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला असं भाषांतर सहसा सापडत नाही, म्हणून हा मार्ग बिनधोक वाटतो. नुकसान मात्र मराठी वाचकाचं होतं. मूळ ग्रंथ अस्तित्वात आहे हेच त्याला कळत नाही. मूळ लेखकाचं नाव द्या आणि ‘भाषांतर माझे’ असं लिहा. कझिन्स यांचं मत तुम्ही एखाद्या मराठी पुस्तकात वाचलं असेल, तर त्या मराठी पुस्तकाचाच हवाला द्या. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवणं हाही अप्रामाणिकपणाच.

‘दहा टक्के चालतं’ असं सर्रास ऐकू येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातलं इतर लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानून दंड ठेवलेला नाही, हे खरं. पण योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरतच नाहीत. म्हणजे ही चोरीची परवानगी नव्हे. साठ टक्क्यांच्या वर साम्य गेलं, तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते.

‘१८८३ चं नाशिक गॅझेटिअर जुनं आहे, त्यावर हक्क कोणाचा?’ कायद्याने आता कोणाचाच नाही. पण स्वामित्वहक्क संपला तरी श्रेयाचं ऋण संपत नाही. सिन्नर नाशिक जिल्ह्यात आहे, यासारख्या सर्वश्रुत गोष्टीला मात्र संदर्भ लागत नाही.

एआयने दिलेला संदर्भ पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय लिहू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकंही ते बिनदिक्कत सांगतं. आणि पुढच्या वेळी ग्रंथालयात टिपण काढताना वहीत आधी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा, मजकूर त्यानंतर.