आधी पाहावे, मग बांधावे

यरुशलेमेचा पडका तट बांधावयास घेण्यापूर्वी नहेम्या रात्री फिरून तो स्वतः पाहून आला, हे आपण शास्त्रात वाचतो. लोकसेवेचा आरंभही असाच पाहणीने व्हावा.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाची केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. तेथे खातेदाराची सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती. १९१४-१५ साली ती अवघी ७ एकर उरली होती. शेतकरी केवळ आळसाने दरिद्री होतो, असे म्हणणाराने हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्याच्या शेतीधंद्याची गाडगीळांनी केलेली पाहणी १९४० साली ग्रंथरूपाने निघाली.

विद्यार्थिमित्रांनो, सांगलीची एखादी पेठ किंवा कृष्णाकाठचे एखादे खेडे पाहावयाचे झाल्यास केवळ पुढाऱ्यांस विचारून परतू नये. क्रमाने दर दहावे घर घ्यावे. वस्तीच्या टोकाची घरेही त्या मोजणीत यावीत. “पाणी उकळून पिता ना?” असे विचारल्यास भिडेखातर “हो” असेच उत्तर येते. “आजचे पाणी कोठून आणले? कशात ठेविले?” असे विचारावे, आणि तेही पाणी भरणाऱ्या बाईस. ज्ञान, मत आणि गरज ही निरनिराळी आहेत. उकळलेल्या पाण्याचा गुण जाणणाऱ्या घरी सरपणच नसेल, तर तेथे व्याख्यान देऊन काय उपयोग?

शेवटी जे कळले ते त्या लोकांस सांगावे. ज्यांनी आपणांस दार उघडले, त्यांचा तो हक्क होय.