‘ऐकू आले नाही’ असे म्हणता येऊ नये

नवी मुंबईतील नोकरदाराला दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सिडकोने वसविलेल्या या शहरात घर, रेल्वे स्थानक आणि कचेरी यांतील अंतरेच अशी आहेत, की पगारातून हप्ता बाजूला काढून गाडी घेण्यावाचून पुष्कळांना गत्यंतर नसते. असा ग्राहक वाशी वा पनवेलच्या शोरूममध्ये जातो, तेव्हा जाहिरातीतील किंमत आणि प्रत्यक्ष मोजावी लागणारी रक्कम यांतील तफावत पाहून तो चकित होतो. रस्ताकर, नोंदणी व विमा समजण्यासारखे आहेत. परंतु त्यांच्याच पंक्तीला ‘हाताळणी खर्च’ आणि न मागितलेल्या साधनांची किंमत येऊन बसते, आणि विमा डीलरकडूनच घ्यावा असा आग्रहही अनेकदा धरला जातो. दुचाकीच्या खरेदीसमयी उत्पादकाने शिरस्त्राण पुरविले पाहिजे, असे मोटार वाहन नियम सांगतात; ते न मागता मिळालेले ग्राहक किती निघतील? याविषयीची तक्रार कारखानदाराच्या कानी पोहोचते काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून ‘चेतक’ बाहेर पडली, तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. हाती आलेली गाडी मूळ किमतीहून अधिक दराने विकली जाई. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवीत असल्याने सारा दोष कारखानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि, ज्याच्या दाराशी रांग लागलेली आहे त्याला रांगेतील माणसाची कुरकूर ऐकण्याची गरज भासत नाही, हेही तितकेच खरे. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची मोटारसायकल आली, इतर जपानी सहयोगही आले आणि ग्राहकाला निवड करता येऊ लागली. कमी पेट्रोलात अधिक अंतर जाणारी गाडी हवी, ही त्याची मागणी मग सर्वच कारखान्यांना ऐकू येऊ लागली.

आज रांग नाही, स्पर्धा उदंड आहे. मग गाऱ्हाणी का उरावीत? कारण स्पर्धा होते ती जाहीर किमतीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा उत्पादकांनी किमती उतरविल्याच्या घोषणा केल्या. डीलरच्या कागदावरील फुटकळ रकमा मात्र कोणत्याही जाहिरातीत नसतात. म्हणून त्यांची तुलनाही होत नाही.

शिवाय कारखानदाराच्या हाती एक कायदेशीर ढाल आहे. डीलर हा त्याचा नोकर नव्हे. तो माल विकत घेऊन विकणारा स्वतंत्र व्यापारी होय, असे करारात लिहिलेले असते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली डीलरने २००९ सालची मोटार दिली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डीलरच्या या कृत्याची उत्पादकाला माहिती होती असे सिद्ध झाले नाही, म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय २०२१ साली लागला. प्रकरण चारचाकीचे असले, तरी दुचाकीच्या ग्राहकाने त्यातून धडा घ्यावा. जे कारखानदाराला कळविलेच नाही, त्याचा जाब त्याला विचारणे कठीण असते.

उलटपक्षी, कानाडोळा करणे अशक्य झाले तेव्हा कारखानदारांनी ऐकल्याचे दाखले आहेत. काही उत्पादकांनी विजेवरील स्कूटरचा चार्जर वेगळा विकून सरकारी अनुदानासाठीची किंमतमर्यादा सांभाळली होती. २०२३ साली सरकारने चौकशी आरंभिताच ओला, एथर, टीव्हीएस व हीरो यांनी चार्जरचे पैसे परत करण्याचे मान्य केले. पुढे ओलाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर एका वर्षात दहा हजारांहून अधिक तक्रारी जमल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस बजावली. नव्याण्णव टक्क्यांहून अधिक तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने सांगितले. प्राधिकरणाने तरीही पुढील चौकशीचा आदेश दिला. ही कंपनी आपली दालने स्वतः चालविते. तेव्हा सारे खापर डीलरवर फोडूनही भागत नाही.

तात्पर्य, एकट्याचा संताप शोरूमच्या काउंटरवरच विरून जातो. नोंदविलेली तक्रार मात्र मोजली जाते. ग्राहकाने प्रत्येक रकमेची पावती मागावी, डीलरला लिहिलेल्या पत्राची प्रत त्याच दिवशी उत्पादकाच्या मुख्य कचेरीकडे पाठवावी आणि १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा यांतील एकही सोय नव्हती. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदाही बारा वर्षे दूर होता. त्या पिढीने संघटनेच्या बळावर कायदा मिळविला. तो वापरण्यासाठी एक कागद लिहिण्याचाही आळस आपण करीत असू, तर कारखानदाराला बहिरा म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.